जात्यावरची हाळी

"लिंब्या, मेल्या, तुझ्या नरड्याला कुणाची दृष्ट कशी लागत न्हाय रे?"

रुद्रम्माअव्वानं ओट्यावरून हे इतक्या जोरात विचारलं की समोरच्या चिंचेवरची वटवाघळं दिवेलागणीच्या आधीच कामाला निघाली. गल्लीतून काठी टेकत चाललेला लिंबाजी जागच्या जागी थांबला. काठीच्या टोकाची घुंगरंही थांबली. त्यानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं, पायरीपासून नेहमीचं अंतर राखून उभा राहिला आणि हात जोडले.

"काय चुकलं, अव्वा?"

"काय चुकलं म्हनून इचारतोय! रातच्याला तू हाळी देतोस, अन् हितं माझा शिवशरण टक्क जागा. मंग त्यो रडतो, मंग म्या जागी, मंग ह्यांचा खोकला जागा. आमच्या घरात चोर शिरला तर त्येला एक झोपलेलं मानूस गावायचं न्हाय."

"मंग राखन झालीच की, अव्वा."

"वर तोंड करून बोलतोय बग!"

लिंबाजी ईट गावचा जागल्या. रात्रभर गाव राखायचं, गल्लीगल्लीतून "हुश्शाऽऽर!" अशी हाळी देत फिरायचं, आणि दिवसा सरकारी हुकूम आला की त्याची दवंडी पिटायची, हे त्याचं वडिलोपार्जित काम. वडिलांनी त्याच्यासाठी काठी, घोंगडं आणि आवाज, एवढीच जिंदगी मागं ठेवली होती. त्यातला आवाज मात्र असा की त्याबद्दल ईटमध्ये जे सांगतात त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. वाशीच्या बाजाराला रातोरात निघालेली बैलं त्याची हाळी ऐकून भर रस्त्यात थांबत, आणि मालकानं शेपूट कितीही पिरगाळलं तरी दुसरी हाळी ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नसत. एकदा दरोडेखोरांची टोळी वेशीपर्यंत आली, हाळी ऐकून उलट्या पावली पळाली. त्यात एक बहिरा होता, तेवढाच आत शिरला. साथीदार कुठं गेले हे विचारायला तो पाटलाच्याच दारात उभा राहिला आणि सापडला. गवळी तर शपथेवर सांगत की पहाटे लिंबाजी गोठ्यावरून गेला की म्हशी आपोआप पान्हा सोडतात.

या सगळ्या गोष्टी लिंबाजीच्या कानावर होत्या. त्यातली एकही त्यानं कधी खोटी पाडली नव्हती.

अव्वाच्या मांडीवर पाच महिन्यांचा शिवशरण होता. गळ्यात चिंधीत बांधलेलं इवलं लिंग, कपाळाला भस्माचं बोट. डोळे उघडे होते आणि ते कुठंतरी आढ्याकडे बघत होते. उंबऱ्याच्या आत त्याची आई उभी होती, गंगम्मा. माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. पहिलं बाळंतपण तिकडं करून ती होळीच्या आसपास सासरी आली, तेव्हा तिच्या कडेवरचा पोरगा लोण्याच्या गोळ्यासारखा होता. नवरा लातूरला अडतीवर कारभार बघायचा. सणासुदीला उगवायचा.

"आत्याबाई," गंगम्मा हळूच म्हणाली, "भुकेनं रडतंय त्ये."

"भुकेनं? अडत्याच्या घरात? अय्य शिवा! अगं, गावाला दाणा इकलेलं घर हाय ह्ये. रडलं की लाव छातीला, रडलं की लाव छातीला, मंग खोड लागंल न्हाय तर काय हुईल? म्या आठ काढली. रातच्याला एकाला पाजलं न्हाय."

"आठांतली ऱ्हायली किती, आत्याबाई?"

हे गंगम्मा इतकं खालच्या आवाजात म्हणाली की ते ऐकू येण्याची सोय फक्त लिंबाजीच्या कानाला होती. आवाजाइतकाच त्याला कानाचाही अभिमान. कोणत्या घरात कोण कुशीवर घोरतो आणि कोण उताणा, हे तो गल्लीतून सांगायचा.

लिंबाजीचे कान अव्वालाही ठाऊक होते. "ह्येलाच इचार की! रातभर दारावरनं जातोय. सांग रे लिंब्या, ह्ये रडनं भुकंचं हाय का खोडीचं?"

लिंबाजीनं घसा साफ केला. ओट्यावरून त्याला आजवर भाकरी मिळाली होती, शिव्या मिळाल्या होत्या. सल्ला कुणी विचारला नव्हता.

"असं हाय, अव्वा," तो म्हणाला, "भुकंचं रडनं खालनं वर चढतंय, मोटंच्या नाड्यावानी. मधी सुटत न्हाय. अन् खोडीचं रडनं थांबून थांबून येतंय. रडायचं, थांबून कानोसा घ्यायचा, कुनी येतंय का. न्हाय आलं की पुन्ना रडायचं."

"अन् ह्येचं?"

"ह्येचं थांबून थांबून हाय."

"ऐकलंस?" अव्वा उंबऱ्याकडं वळली.

"माझ्या हाळीची खोड लागली लेकराला," लिंबाजी म्हणाला. हे म्हणताना त्याची छाती घोंगड्याखाली जरा फुगली. बैल झाले, दरोडेखोर झाले, म्हशी झाल्या. आता वीरप्पा अडत्याचा नातू त्याच्या हाळीवर उठत होता. "म्या ह्या गल्लीत हाळी देत न्हाय. तुमी बी त्येला रातच्याला घिऊ नका. धा-पाच दिस रडंल. मंग मोडंल खोड."

गंगम्मानं त्याच्याकडं बघितलं. मग ती आत वळली.

त्या रात्रीपासून लिंबाजी वीरप्पाच्या गल्लीत शिरला की काठीची घुंगरंसुद्धा मुठीत धरायचा. त्याचा परिणाम असा झाला की लेकरू सोडून सगळी गल्ली जागी राहू लागली. माणसाला जन्मभर एखाद्या आवाजात झोपायची सवय असली की तो आवाज बंद झाल्यावर कान उगाच वाट बघत बसतात. शेजारचा धोंडप्पा दुसऱ्याच दिवशी तणतणत आला.

"काय रे, आमच्या गल्लीची राखन बंद का? आमी काय बलुतं देत न्हाय?"

"लेकराची खोड मोडायची हाय, मालक."

"लेकराची खोड मोडस्तवर आमचं डोळं फुटतील!"

शिवशरण रोजच्या वेळी उठत होताच. हाळी नसतानाही रडत होता, थांबून थांबून. खोड जुनी आहे, वेळ घेईल, असं लिंबाजीनं अव्वाला सांगितलं, आणि स्वतःलाही. रोज जाता-येता तो भिंतीशी क्षणभर थांबायचा. आधी ते रडणं कोपऱ्यावरून ऐकू यायचं. नंतर दारासमोर आल्यावर. मग भिंतीला कान लावावा लागे. आणि एके रात्री भिंतीला कान लावूनही काही ऐकू आलं नाही.

अव्वानं त्याला खूश होऊन वीरप्पाचा जुना पटका दिला. ओट्यावरून खाली टाकला, त्यानं घोंगड्यात झेलला. "खरा वस्ताद हाईस रे! गप झोपतंय आता रातभर." लिंबाजीनं तो पटका बांधला आणि काही काम नसताना बाजारातून फिरून आला. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, ज्यानं विचारलं नाही त्याला थांबवून सांगितलं.

घरी त्याच्या बायकोनं, सिताबाईनं, पटक्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती दारात बसून शिंदीच्या पानांची झाडणी बांधत होती.

"कसा दिसतोय?" लिंबाजीनं विचारलं.

"म्या सकाळी वीरप्पाच्या परसदारी झाडण्या घिऊन गेलते," ती म्हणाली. "लेकरू बाजंवर ठिवलं हुतं. तोंडावर माशी बसली हुती त्येच्या."

"मंग?"

"मंग काय. हात हालवला न्हाय त्येनं. गळ्यातला दोरा बगा कसा लोंबतुया. आदी रुतायचा."

"झोपेत आसंल."

"डोळं उगडं हुतं."

लिंबाजी पटक्याचं टोक खोचू लागला. सिताबाईनं पान दातात धरून ओढलं.

"अवो, त्येचं रडनं थांबलं कसं? एकदम, का हळूहळू?"

पटक्याचं टोक पुन्हा सुटलं, त्यानं पुन्हा खोचलं.

"खोड मोडती ती एकदम मोडती. कुत्र्याची मोडली, तुमची तंबाकूची बी मोडली हुती एकदा, चार दिस. आवाज बारीक बारीक हुत गेला म्हंजी काय, ह्ये मला नगा इचारू. तुमाला ठावं हाय. आपली कोंडी कशी गप झाली?"

त्यांची कोंडाबाई एका वाईट उन्हाळ्यात गेली होती. त्या उन्हाळ्यात गावात दाणा नव्हता आणि सिताबाईच्या अंगात दूध नव्हतं. शेवटचे दिवस पोरगी रडायची बंद झाली, तेव्हा लिंबाजीनंच म्हटलं होतं, "बरं वाटतंय तिला, झोपती आता." ते वाक्य त्या घरात त्यानंतर कुणी उच्चारलं नव्हतं.

"पर त्ये वीरप्पाचं घर हाय, सिते," तो म्हणाला. "तितं कशाची भूक?"

"मला काय ठावं? रातभर कान लावून तुमी हिंडता."

तिनं झाडणी बांधून बाजूला टाकली. "खरं सांगू? तुमच्या कानात तुमचाच आवाज भरलाय. दुसरं कुनी मावायचं न्हाय तितं."

लिंबाजीनं पटका सोडला आणि खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे राखण संपल्यावर तो घरी गेला नाही. वेशीजवळच्या दगडावर बसून राहिला. ही वेळ गावातल्या जात्यांची. एका घरातून घरघर सुरू झाली, मग दुसऱ्या, मग एकामागून एक सगळं गाव दळू लागलं. प्रत्येक जात्याची घरघर त्याला ओळखता यायची. पाटलाचं जातं जड, त्याला दोघीजणी लागायच्या. सुताराच्या जात्याचा खुंटा सैल होता. धोंडप्पाच्या घरचं जातं मिठाच्या खड्यासारखं कुरकुरायचं. आणि वीरप्पाच्या घरातलं जातं फिरायचं गंगम्माच्या कानडी ओव्यांवर. ओवीतलं अक्षर त्याला कळत नव्हतं, पण चाल पाठ होती.

गंगम्माचा आवाज लागला. पहिली ओवी झाली, दुसरी सुरू झाली आणि अर्ध्यात तुटली. जातं थांबलं.

लिंबाजी दगडावरून उठला. ओवी अर्ध्यात तुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. काल तुटली होती, परवा तुटली होती; होळीपासून रोज तिथंच तुटत होती. रोज त्याच्या कानांनी ते ऐकलं होतं. तीन खात्या माणसांच्या घरातलं जातं चिमणीला पुरेल एवढं दळून गप होत होतं.

उजाडल्यावर तो वीरप्पाच्या परसदारी जाऊन उभा राहिला. वीरप्पा गोठ्यात आटलेल्या म्हशीपुढं कडबा टाकत होता. कोरड्या तोंडाचा, सावध माणूस. कुणी रामराम घातला तरी आधी आजूबाजूला बघून मग घ्यायचा.

"अप्पा, तुमचं जातं लवकर गप व्हतंय."

वीरप्पाच्या हातातला कडबा हातातच राहिला. "कुनी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला पायजे? ऐकू येतंय."

"आत ये. त्ये दार लाव. हळू बोल, लिंबाजी."

एरवी 'लिंब्या'च्या पलीकडे न जाणाऱ्या अप्पाच्या तोंडून 'लिंबाजी' ऐकून लिंबाजीलाच भीती वाटली.

"किती पायजे तुला?" वीरप्पानं विचारलं. त्याची नजर नकळत गव्हाणीखाली गेली आणि तितक्याच घाईनं वर आली. तेवढ्यावर लिंबाजीला सगळं कळलं. गव्हाणीखाली पेव होतं. जमिनीत खणलेल्या त्या खड्ड्यात ज्वारी भरून वर शेणमाती सारवली होती आणि त्यावर म्हैस बांधली होती.

ती साल जर्मनच्या लढाईची. सरकारची लेव्ही जोरात होती. खळ्यावरून धान्य उचलून नेत आणि लोकांना कंट्रोलच्या दुकानातून माप घालून ज्वारी देत. ज्याला जमलं त्यानं थोडंफार जमिनीत दडवलं होतं. वीरप्पानं जरा जास्त दडवलं होतं, एवढाच फरक.

"मला दाणा नको, अप्पा. लेकराच्या आईला भाकर पायजे."

"आमी काय उपाशी ठिवतो तिला? आमी बी घुगऱ्याच खातोय! म्या खातो, म्हातारी खाती. ज्वारी शिजवायची, मीठ घालायचं, खायचं. आवाज न्हाय, कटकट न्हाय."

"सूनबाई खात्यात घुगऱ्या?"

"पाजत्या बाईनं घुगऱ्या खायच्या असत्यात व्हय? लेकराच्या पोटात वारा धरतो. म्हातारी शिवू देत न्हाय तिला. तिला भाकर अस्ती. कंट्रोलच्या ज्वारीची."

"किती?"

वीरप्पानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "अर्धी," तो म्हशीलाच म्हणाला.

मग वीरप्पा एकदम उसळला.

"तू कशाला मला बोलतोस? दवंडी कुनी दिली? 'ज्याच्या घरात कंट्रोलच्या मापापरीस जास्त जातं फिरंल त्येची खबर द्या, जप्तीतला हिस्सा घ्या.' कुनाचं नरडं हुतं त्ये? भिंतीला भिंत लावून त्यो धोंडप्पा बसलाय. पहाटं जातं लागलं की कान चिकटवून बसतो. खालच्या आळीत एकाचं पेव उकरलं, बियानं सुदीक नेलं. माझं उकरलं तर?"

ते नरडं लिंबाजीचंच होतं. होळीच्या आदल्या आठवड्यात चावडीपासून वेशीपर्यंत त्यानं ती दवंडी दिली होती. चांगली झाली म्हणून पाटलानं पाठ थोपटली होती. दवंडीतला मजकूर काय होता, हे त्याला आज पहिल्यांदा ऐकू आलं.

"आवाजाचंच भ्या हाय ना, अप्पा?" तो म्हणाला. "आवाजाचं म्या बगतो. तुमी दाणा काढा."

"अन् तू पाटलाला—"

"म्या जागल्या हाय. म्या लेकरू राखतोय म्हना."

त्यानंतर ईट गावावर जे संकट आलं त्याला तोड नाही. राखण संपवून लिंबाजी घरी जाण्याऐवजी धोंडप्पाच्या खिडकीखाली उभा राहायचा. पलीकडं गंगम्माच्या जात्याचा पहिला फेरा झाला की छातीत हवा भरायचा आणि हाळी सोडायचा. एक हाळी संपते न संपते तोच दुसरी. गवताच्या गंज्यांवरून चिमण्या उडाल्या त्या, म्हणतात, भूमला जाऊन बसल्या. भाकरी थापणाऱ्या बायांच्या हातातल्या भाकरी आपोआप गोल झाल्या.

धोंडप्पा धोतर सावरत बाहेर धावला. "अरे येड्या! तांबडं फुटाय लागलं! आता कुनाला हुश्शार करतो?"

"वाघरू आलंय, मालक."

"कुठं?"

"तुमच्या ह्या भिंतीला नाक लावून गेलं. आत्ताच."

धोंडप्पानं भिंतीकडं पाहिलं. त्या दिवशी त्यानं आपलं अंथरूण आतल्या खोलीत, दुसऱ्या भिंतीशी हलवलं. दोन दिवसांत ते वाघरू अर्ध्या गावानं पाहिलेलं होतं. कुणाला ते वासराएवढं दिसलं, कुणाला रेड्याएवढं. ते दमल्यासारखं दिसत होतं असंही एकजण म्हणाला. पाटलानं भूमहून एक बंदूकवाला शिकारी बोलावला. तो चावडीत मुक्काम टाकून पाटलाच्या कोंबड्या संपेपर्यंत वाघराची वाट बघत राहिला. शेवटी पाटलानं त्याला हात जोडले.

लिंबाजी मात्र रोज पहाटे हाळी देत होता, आणि हाळीच्या पोटात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं, गंगम्माचं जातं फिरत होतं. दुसरी ओवी पुरी होऊ लागली. मग तिसरी. तिला भाकरी मिळू लागली. भाकरी खाल्ली म्हणजे दुसऱ्या दिवशी दूध उतरतं असं नसतं. लिंबाजी रात्री भिंतीला कान लावायचा. आत काही नसायचं. सिताबाई सकाळी फक्त भुवई उडवून विचारायची. तो मान हलवायचा. ती चुलीकडं वळायची.

आणि एके रात्री भिंतीच्या आत काहीतरी कुरकुरलं. मांजराच्या पिलाएवढं. थांबलं. पुन्हा आलं.

लिंबाजी राखण टाकून धावत घरी गेला. गाव त्या रात्री कितीतरी वेळ वाऱ्यावर होतं.

"सिते! सिते, ऊठ! रडतंय!"

सिताबाई उठून बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मोठ्यानं?"

"न्हाय. पर रडतंय."

"जावा मंग. राखन करा," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं करून झोपली. तिचे खांदे हलत होते ते त्यानं बघितलं आणि काठी उचलली.

हळूहळू ते रडणं भिंतीबाहेर आलं, मग दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. गंगम्मा सासूला न विचारता त्याला रात्री जवळ घेऊ लागली. रुद्रम्माअव्वानं ओट्यावरून बोंब ठोकली, "लिंब्या, खोड परत लागली रे!"

"माझा कान चुकला, अव्वा," लिंबाजी खालून म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "खोड न्हवं ती. पाजू द्या."

"अन् पटका? पटका परत दे मंग!"

त्यानं तो दुसऱ्या दिवशी घडी घालून पायरीवर ठेवला.

गणपती झाले, पावसाळा सरला, तरी पहाटेची हाळी चालूच होती. घशात काटे आल्यासारखं व्हायचं. सिताबाईनं हळद दिली, गूळ-सुंठ दिली, शेवटी हात जोडले. "आता बास करा की. मानूस हाय, नगारा न्हवं."

"नवी ज्वारी येऊ दे. तवर."

नवी ज्वारी शेतात हुरड्याला आली तेव्हाची गोष्ट. पहाटे त्यानं छातीत हवा भरली, तोंड उघडलं. 'हु' निघाला, 'शार' निघालाच नाही. फाटक्या भात्यातून वारा जावा तसं काहीतरी गेलं. त्यानं पुन्हा ओढलं. पुन्हा वाराच. भिंतीपलीकडं गंगम्माचं जातं क्षणभर अडखळलं. लिंबाजीनं काठी जमिनीवर आपटायला सुरुवात केली, घुंगरं वाजवत राहिला, तिचं दळण होईपर्यंत. धोंडप्पाच्या कानावर काही गेलं की नाही, कोण जाणे. तो आतल्या खोलीत झोपत होता.

आवाज परत आला नाही. वैदू झाला, नवस झाला, तुळजापूरची कवड्यांची माळ झाली. बोलायला कुजबुजीएवढं उरलं, तेही दमून. पाटील भला माणूस, म्हणाला, "राखन कर तू, हिंडत ऱ्हा काठी घिऊन. हाळी खालच्या आळीतला कोंडीराम दील." बलुत्यातला मोठा वाटा अर्थातच हाळी देणाऱ्याकडं गेला. कोंडीरामची हाळी ऐकून एकही बैल थांबला नाही.

खळी झाली. लेव्हीचं माप त्या वर्षी हलकं निघालं, वीरप्पाची भीती ओसरली, आणि त्याच्या घरातलं जातं चारचौघांसारखं, हवं तितका वेळ फिरू लागलं. शिवशरणच्या मनगटांना वळ्या पडल्या. गळ्यातला दोरा पुन्हा रुतू लागला, तो सोडून नवा बांधावा लागला.

एका पहाटे लिंबाजी राखण संपवून त्या गल्लीतून येत होता. गार वारं होतं. वीरप्पाच्या घरात लेकरू रडत होतं, चांगलं भरदार, थांबून थांबून. रडायचं, गप व्हायचं, पुन्हा रडायचं. लिंबाजी भिंतीशी थांबला. सवयीनं त्यानं कान लावला, मग मागं घेतला. त्या कानावर त्याचा आता भरवसा राहिला नव्हता.

दार उघडलं. रुद्रम्माअव्वा हातात चिमणी घेऊन ओट्यावर आली. तिच्या मागून गंगम्मा, कडेवर शिवशरण.

"बग रे लिंब्या," अव्वा म्हणाली, पण नेहमीचा जोर नव्हता. "आत्ता प्यालाय. तड्डं पोट हाय. तरी ह्याच येळंला रोज उठतो अन् दाराकडं तोंड करून रडतो. आता तूच सांग. ह्ये काय हाय?"

लिंबाजीनं मान हलवली. मला कळत नाही, अशी.

"मला कळतंय," गंगम्मा म्हणाली. "ही खोड हाय. बाबा, ह्येला तुमची हाळी पायजे."

लिंबाजीनं काठी उचलून घुंगरं वाजवली. शिवशरण गप झाला. मान वाकडी करून त्यानं ऐकलं. मग त्याला जे पाहिजे होतं ते हे नव्हे असं कळल्यासारखा तो पुन्हा रडू लागला.

गंगम्मा ओट्याची पायरी उतरली. मग दुसरी. गल्लीच्या धुळीत येऊन ती लिंबाजीच्या समोर उभी राहिली. अव्वानं तोंड उघडलं, मिटलं, आणि चिमणीची वात सारखी करत राहिली. वात चांगली जळत होती.

लिंबाजीनं छातीत हवा भरली. त्याला माहीत होतं काय होणार ते, तरी भरली. मान वर केली, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. नुसता वारा आला.

शिवशरण रडायचा थांबला. आईच्या कडेवरून पुढं वाकला, आणि लिंबाजीच्या उघड्या तोंडात त्यानं आपली मूठ घातली. मनगटापर्यंत घालून तो आत चाचपू लागला.